मावशीच्या शववाहिकेला कुठलं तेल?

माझी मावशी शववाहिका चालवते. हे ऐकलं की लोक हळूच विचारतात, "त्यांना भीती नाही वाटत?" वाटते ना. मागचं न बघता गाडीचं दार उघडणाऱ्यांची वाटते. फोनवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्यांची वाटते. मागे झोपलेल्याची कशाला वाटेल? तो बिचारा साधं "जरा हळू घ्या" पण म्हणत नाही.

आधी ती शाळेची व्हॅन चालवायची, माझ्याच शाळेची. मी नववीत शाळेला रामराम ठोकला, तेव्हा घरात सगळे माझ्या मागे हात धुऊन लागले होते. मावशी एवढंच म्हणाली, "एक सीट रिकामी झाली, बरं झालं, दप्तरं ठेवता येतील." तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पुढे व्हॅन विकली गेली. मदत संस्थेच्या शववाहिकेला ड्रायव्हर मिळत नव्हता. मावशी गेली आणि चावी घेऊन आली. नातेवाईक म्हणाले, "बाईमाणूस आणि ही गाडी?" मावशी म्हणाली, "आत बसणाऱ्याची तक्रार असेल तर सांगा."

शववाहिका चालवणं सोपं नाही. मागे लोक चालत असतात. मावशी आरशात सगळ्यात हळू चालणारं माणूस शोधते आणि गाडी त्याच्या पायांनी चालवते. पहिला गिअर, अर्धा क्लच, अख्खा रस्ता रांगत. माणसाचं एक ठीक आहे, इंजिनाचे मात्र हाल होतात. पळताना इंजिनाला वारा तरी लागतो. रांगताना वरून ऊन, खालून तापलेलं डांबर, आणि आत तेल तापून पाण्यासारखं पातळ. तेल फार पातळ झालं की त्याचा दाब पडतो आणि समोर लाल दिवा लुकलुकतो.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो लुकलुकला. तोही स्मशानाच्या चढावर, भर दुपारी, मागे एवढी माणसं असताना. मावशीने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. तेलाचा लाल दिवा लागला की दुसरं काही करायचं नसतं, नाहीतर इंजिनाचीच अंत्ययात्रा निघते. पण हे रडणाऱ्या माणसांना कोण सांगणार? गेलेल्या आजोबांच्या मुलांनी गाडी ढकलत वर नेली. वडलांना शेवटचं पोचवायला आलेली पोरं, आणि घामाघूम होऊन गाडी ढकलतायत. मावशी त्या रात्री जेवली नाही.

संस्थेचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी दारात हजर. "बाई, पुन्हा असं झालं तर चावी द्यावी लागेल. माझा मेव्हणा तयारच आहे."

मेव्हणा टेम्पो चालवतो. चालवतो म्हणजे उडवतो. त्याच्या मागे चालायचं तर अख्ख्या यात्रेला धावावं लागेल. आणि मावशीची चावी गेली तर ती घरात नुसती बसणार, आणि मावशी नुसती बसली की आमच्या घरात दुसऱ्या कोणाची बसायची सोय नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घट्टमामांचं गॅरेज आहे. ते कोणाचेच मामा नाहीत. इंजिन वाजतंय? घट्ट तेल घाल. धूर येतोय? घट्ट तेल घाल. म्हणून घट्टमामा. त्यांनी तेलाची पातळी बघितली, दाबाचा सेन्सर बघितला, सगळं ठीक निघालं. मग डबा आपटला. "ताई, वीस डब्ल्यू पन्नास. डब्ल्यू म्हणजे वजन. वीसचं वजन, पन्नासची ताकद. दिव्याची काय हिंमत आहे!"

दिवा खरंच गेला. पण ही गाडी कधी कधी आठवडाभर उभी असते. मग कोणाचं तरी बोलावणं येतं, चावी फिरवावी तर इंजिन खडखड करायचं, डब्यात खिळे हलवल्यासारखं. घट्ट तेलाला वर चढायलाच वेळ लागायचा. चालायलाही गाडी जड. मावशी म्हणाली, "मामा, ही पोटभर जेवून चालल्यासारखी चालते."

"सवय होईल तिला."

"तिला होईल. मला नको आहे."

मग मावशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. मीही गेले, कारण सिलिंडर पोचवायची माझी गाडी तिथेच उभी असते. दुकानदारीण बाई एकदम फाडफाड बोलणारी. म्हणाली, "डब्ल्यू म्हणजे वजन? कोण म्हणालं? डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पुढचा आकडा गार इंजिनाचा. जितका लहान, तितकं सकाळी तेल पटकन वर चढणार. मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. जितका मोठा, तितकं तापल्यावर तेल दाट राहणार. आणि गाडी कंपनीने काय काय चालेल म्हटलंय ते आधी बघा, आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

कंपनीने आमच्या उन्हाला दोन सांगितली होती. एक मामांचं वीस-पन्नास, दुसरं दहा-चाळीस. मावशीने दहा-चाळीस उचललं. आता राहिला प्रश्न एकच, चढावर दिवा लागतो का? आणि हे खऱ्या यात्रेत बघायचं तर पुन्हा कोणाची तरी मुलं गाडी ढकलणार.

मावशी म्हणाली, "खोटी यात्रा काढू."

मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत. दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, गाडी निघाली. मागे चालायला मी, माझी आई आणि गॅरेजमधले दोघे. गाडीच्या आत वजन हवं म्हणून घट्टमामा. गल्लीत त्यांच्याएवढं वजन दुसऱ्या कोणाकडे नाही. शिवाय त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं की चाळीसचं तेल कसं तोंडघशी पडतं. पण मागच्या भागात पंखा आहे आणि आडवं व्हायला लांबलचक जागा. पहिल्याच वळणावर मामा आडवे झाले. दुसऱ्या वळणावर घोरायला लागले.

शिंपीणबाईंनी खिडकीतून बघितलं. मोठ्या काचेची गाडी, आत मामा चारी बाजूंनी पसरलेले, मागे आम्ही माना खाली घालून, कारण ऊन डोळ्यात जात होतं.

"अगं बाई, घट्टमामा गेले!"

झालं. दारं उघडली. कोणी चपला घालत आलं, कोणी तसंच आलं. "काल तर माझी गाडी दुरुस्त केली हो!" "केली कुठे, माझी अजून पडून आहे तिथे!" मी ओरडले, "कोणी गेलं नाही, आम्ही तेल तपासतोय!" एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धक्का बसलाय पोरीला."

बघता बघता पन्नासेक माणसं मागे. आणि त्यात घाईघाईने इस्त्रीचा शर्ट चढवून आलेले अध्यक्ष. ते थेट मावशीच्या खिडकीपाशी. "बाई, संस्थेला न कळवता गाडी काढली?"

"कळवायला कोणी मेलेलं नाही, साहेब. चला बरोबर. चढ आलाय."

आवाजाने मामा जागे झाले आणि उठून बसले. मागे जी किंकाळी उठली, ती अजून माझ्या कानात आहे. मामांना काही कळेना. ते काचेतून हात हलवून विचारत होते, "कोण गेलं? कोण गेलं?"

हसू, शिव्या, कोणी रस्त्यात मटकन बसलेलं. पण मावशी थांबली नाही. चढ सुरू झाला होता. अर्धा क्लच, पहिला गिअर, मुंगीच्या पावलांनी. अध्यक्ष खिडकीला धरून चालत होते, डोळे समोरच्या दिव्यावर. मीही दुसऱ्या बाजूने तेच बघत होते. दिवा लागला तर मेव्हण्याला बोलवायला ते स्वतः तिथेच हजर.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"तुमच्या नव्या गाडीचा उरलेला तेलाचा डबा तुम्ही संस्थेला दिलात ना? शून्य डब्ल्यू वीस. तरुण गाडीचं पातळ तेल. ते मी या म्हातारीला पाजलं."

"म्हणजे चूक माझी?"

"घातलं मी. आकडा न वाचता, फुकट मिळालं म्हणून. चूक माझी. पण ती चूक सुधारली कोणी, तेही बघा."

अध्यक्षांकडे बोलायला श्वास उरला नव्हता. चढ संपला. वर गेल्यावर मावशीने मुद्दाम इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. तापलेलं इंजिन, उभी गाडी, कडक ऊन. याहून वाईट परीक्षा नाही. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत राहिलो. तो काळाच राहिला. मी एवढ्या जोरात शिट्टी मारली की आईने दंडाला चिमटा काढला.

मामा मागून म्हणाले, "पन्नासचं असतं तरी लागला नसता."

"नसता लागला," मावशी म्हणाली. "पण सकाळी खडखडाट झाला असता. वजन कमी करा मामा, तेलाचं."

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. ते बाजूला सरकले, ऐकलं, चेहरा गंभीर झाला. "हो. येईल. आमची गाडी येईल, आमच्या बाईच येतील." फोन ठेवून ते मावशीकडे वळले. आवाज अगदी खाली आला होता. "बाई, इस्पितळात जायचंय. लगेच निघता येईल ना?"

मावशीने घाम पुसला, पदर खोचला. "निघता येईल. आधी यांना उतरवा."

मामा हातापाया पडायला लागले. "ताई, या उन्हात मी एवढं चालू? जाता जाता गॅरेजवर सोड ना."

"या गाडीतून परत कोणी जात नाही, मामा," मावशी म्हणाली आणि गिअर टाकला. "चाला."