नाकातलं शिसं

माझे बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची तपासणी-दुरुस्ती करणारे. चुका शोधण्याचाच त्यांनी जन्मभर पगार घेतला, आणि निवृत्त होऊन कर्जतला आले तेव्हा ती खोड सोबत घेऊन आले. माझ्या पोळ्या, माझं अक्षर, मी लावलेली खिडकीची कडी, सगळ्यात खोट निघायची.

कॅनबेरा नावाच्या बॉम्बफेकी विमानावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. लोक लढाऊ विमानांचे फोटो भिंतीवर लावतात, या बिचाऱ्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. सुटे भाग जोडून करायच्या त्याच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलचा खोका बाबांच्या कपाटात कितीतरी वर्षं न उघडता पडून होता. मग मूत्रपिंडं गेली, खोपोलीला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, हात कापायला लागले. एक दिवस म्हणाले, "मला आता जमणार नाही. तू कर. चाकांवर उभं बघायचंय मला ते."

मी करायला घेतलं. बाबा पलंगावरून सूचना द्यायचे. विमानाच्या धडाचे दोन भाग जोडून बंद झाल्यावर कधीच दिसणार नाहीत अशा बारीक खुर्च्यांनाही त्यांनी पट्टे लावायला लावले. "दिसत नाही म्हणून सोडतेस? त्यात बसणाऱ्याला विचार." मी चडफडत लावले. शिवाय रोज एक ताकीद असायची: धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात शिसं भर, नाहीतर ते मागे कलंडेल. गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मी कशेळ्याच्या बाजारातून आणूनही ठेवल्या होत्या.

त्यातच बाबांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. त्याच दुपारी घरी येऊन मी घाईघाईने धड चिकटवलं. गोळ्या वाटीत तशाच राहिल्या.

रंग झाला, चाकं बसवली, टेबलावर ठेवलं, तर ते नाक वर करून शेपटीवर बसलं. बाबांना उठवायला-बसवायला एक मावशी वाडीवरून येत. त्यांना हसू आवरेना. "ताई, तुमचं इमान तं बसलंय गं! उभं ऱ्हात नाय काय?"

मला रडूच फुटलं. धड फोडायचं म्हणजे पुन्हा जोडणी, पुन्हा रंग, आणखी आठवडा. तेवढा आठवडा होता कुठे? मी चाकं खाली एका पुठ्ठ्याला घट्ट चिकटवून टाकली. आता ते उभं दिसत होतं.

ते बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी ते सगळीकडून न्याहाळलं. मग त्यांनी पंखांखाली दोन्हीकडून एकेक बोट घालून ते पुठ्ठ्यासकट जरासं उचललं. शेपटी झपकन खाली गेली.

बाबांना कळलं. त्यांना कळलं हे मलाही कळलं. मी मान खाली घालून बोलणी खायला तयार उभी होते.

त्यांनी विमान हळूच खाली ठेवलं. "छान झालंय," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी आत जाऊन ओट्याला धरून रडले. बाबांनी चूक सोडून दिली होती. अशी भीती मला डॉक्टरांच्या बोलण्यानेही वाटली नव्हती.

दोन दिवसांनी डायलिसिसला न्यायला गाडी दारात आली, तेव्हा बाबांनी मान हलवून नको म्हटलं. मी आग्रह केला नाही.