वाजणारं पार्सल

बशीरभाई कुठलीही वस्तू घेण्याआधी कानाशी धरून हलवून बघत. काडेपेटी, चहाचा पुडा, नारळ, औषधाची बाटली. नारळाचं कुणालाही पटेल, पण मी त्यांना साबणाची वडी हलवताना पाहिलं आहे. जुन्नरच्या बाजारातले दुकानदार याला सरावले होते. माझी त्यांची ओळखही अशीच झाली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवलेल्या पुस्तकांचं खोकं मी पोस्टातून घेत होतो. शेजारी उभ्या असलेल्या किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी ते माझ्या हातातून सहज काढून घेतलं, हलवलं आणि परत दिलं.

"पुस्तकं हायेत," ते म्हणाले, "पन एक सुटलंय."

शाळेत जाऊन उघडलं, तर शब्दकोशाची पाठ निखळली होती.

त्यांचा धंदाच कानाचा होता. ते घुंगरं ओवत. पितळी घुंगरं पोत्याने यायची. बशीरभाई एकेक उचलून वाजवायचे आणि दोन ढीग करायचे. ज्याचा आवाज दबका, ते 'बहिरं'. बहिरी घुंगरं शेळ्यांच्या गळ्यात जायची, बाकीची नाचणारीच्या पायात. "शेळीला ताल चुकला तर चालतंय," ते म्हणत. ओवून झालेली सर ते जुन्या कापडात करकचून गुंडाळून ठेवत, पितळ काळवंडू नये म्हणून. तालुक्यातल्या तमाशाच्या फडांना त्यांच्याच घरातून घुंगरांचे चाळ जायचे. पण फड कमी होत गेले, आणि दोन हजार साल उलटल्यावर तर बशीरभाईंच्या ओसरीवर शेळ्यांचा ढीग मोठा आणि पायांचा लहान दिसू लागला.

सरकारने आम्हा शाळेतल्या लोकांना सक्तीने संगणक शिकवला होता. त्या प्रशिक्षणाचा कुणाला उपयोग झाल्याचं मला माहीत असलेलं उदाहरण एवढंच, की मी बशीरभाईंची घुंगरं इंटरनेटवर विकायला लावली. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत बसून मी फोटो चढवायचो, आलेली पत्रं वाचून दाखवायचो. कथक शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या बायकांच्या मागण्या येऊ लागल्या. माल पोचला की गिऱ्हाईक त्या साईटवर शेरा लिहायचं. चांगला असला तर हिरवा, वाईट असला तर लाल. वर्षभरात बशीरभाईंच्या नावापुढे सगळं हिरवंगार होतं. दर बाजाराच्या दिवशी ते कॅफेत येऊन तेवढं बघून जात.

आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. मी म्हणायचो, घुंगरं कागदात गुंडाळून खोक्यात ठोसून भरा. ते ऐकत नसत. पाठवताना कापड सोडवायचं आणि सर मोकळीच ठेवायची.

"मास्तर, पोस्टमन दारात आला की आतल्या खोलीत कळलं पायजे काय आलंय. मुकं पार्सल आनि फरशी, दोन्ही सारखंच."

मग बंगळुरूच्या एका नृत्यशिक्षिकेची मागणी आली. शंभर-शंभर घुंगरांची जोडी, शिष्येच्या पहिल्या कार्यक्रमासाठी. आम्ही जलद टपालाने आठवडाभर आधी पाठवली. ती कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी पोचली. मुलगी उसन्या घुंगरांवर नाचली. बाईंनी लाल शेरा लिहिला: 'विक्रेत्याने वेळेत पाठवले नाही.' मी तो वाचून दाखवला तेव्हा बशीरभाईंनी पडद्यावरच्या त्या तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं, जणू पुसून जाईल. नंतर महिनाभर एकही मागणी आली नाही.

"चाळीस वर्सं फडांना माल दिला," ते म्हणाले. "माझ्यापायी खेळाची बारी हुकली असं कुनी म्हनलं न्हाई. आनि आता हे सगळ्या दुनियेला दिसतंय व्हय?"

"दिसतंय," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

पोस्टात काउंटरवर वंदनाताई होत्या. त्यांनी नियम काढून दाखवला. उशीर झाला तर टपालखर्च भरपाई म्हणून परत मिळतो, पावती जोडून अर्ज करा. बशीरभाईंनी अर्ज माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, कारण प्रत्येक वेळी मी भरपाईच्या रकान्यात रक्कम लिहायचो आणि ते खोडायला लावायचे. "पैशे नकोत. त्या बाईंना कळवा, की उशीर बशीरच्या हातून झाला न्हाई. तीच भरपाई." वंदनाताईंनी अर्ज वाचला, एकदा भाईंकडे बघितलं आणि शिक्का मारला.

उत्तर म्हणून घोडेगावच्या तक्रार मेळाव्याचं निमंत्रण आलं. पंचायत समितीच्या सभागृहात फलक, समई, हार, स्वागतगीत गाणाऱ्या मुली, सगळं वेळेवर हजर होतं. पोस्टाचे साहेब तेवढे दीड तास उशिरा आले. भाषणात त्यांनी तत्परतेवर भर दिला. मग आमचं नाव पुकारलं. साहेबांनी एक लिफाफा पुढे केला आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं.

बशीरभाईंनी लिफाफा घेतला, कानाशी धरून हलवला आणि परत दिला.

"ह्यात पैशे हायेत. मी कागद मागितला व्हता."

"काका, नियमात एवढंच बसतं," साहेब फोटोचं हसू न मोडता म्हणाले. "पत्र देण्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही."

"मग बशीरचं नाव खराब झालं ते कुठल्या रकान्यात बसतंय, साहेब?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक चाळिशीचा माणूस उठला. पार्सलं जिथे वेगळी केली जातात त्या पुढच्या मोठ्या ऑफिसातून तो आमची फाईल घेऊन आला होता. नाव दत्तू केंगले, इथलाच, घोडेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातला.

"साहेब, ते पार्सल मीच बाजूला ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "उचललं तर आतनं खळखळ आली. वाटलं, काचसामान फुटलंय. फुटलेलं तसंच पुढं धाडलं तर आमच्या अंगावर येतं. म्हनून पंचनाम्यासाठी फळीवर ठेवलं. पंचनामा करनारे रजेवर व्हते."

मी बशीरभाईंकडे बघितलं. आता हे भडकणार असं मला वाटलं. ते खुर्च्यांमधून वाट काढत केंगल्यांपाशी गेले.

"तुमी हलवून बघितलं?"

"व्हय."

"कानाशी धरून?"

"व्हय, भाई. दोनदा."

बशीरभाईंचा चेहरा असा उजळला की साहेबांच्या फोटोवाल्याने न सांगता फोटो काढला. त्यांनी पिशवीतून घुंगरांची एक जोडी काढली आणि वाजवली. "आता सांगा. काच वाटतीय?"

"आता न्हाई वाटत. खोक्यात वाटली व्हती."

बशीरभाईंनी इकडेतिकडे बघितलं, हारांचं रिकामं खोकं उचललं, जोडी आत टाकली, झाकण दाबलं, हलवलं. डोळे मिटून पुन्हा हलवलं. सगळं सभागृह कान देऊन होतं.

"वाटतीया की राव," ते म्हणाले. "आयला, हुबेहूब बरन्या फुटल्यात."

स्वागतगीतवाल्या मुली आधी हसल्या, मग सगळेच. केंगल्यांनी तिथेच आमच्या अर्जाच्या पाठीवर लिहून दिलं: 'पार्सल वेळेत आले होते. हलवले असता आत काचा फुटल्यासारखा आवाज आला, म्हणून मी बाजूला ठेवले. पाठवणाऱ्याची चूक नाही.' खाली सही. साहेबांनीही शिक्का उमटवला. रकाना नसला तरी शिक्का सोबत असतोच.

मी त्याचं इंग्रजी करून मूळ कागदाच्या फोटोसह बंगळुरूला धाडलं. लाल शेरा पुसता येत नव्हता. पण बाईंनी त्याच्याखाली सगळी हकीकत लिहिली, आणि मला पत्र आलं: 'फुटलेल्या काचांच्या अकरा जोड्या पाठवा.' बशीरभाईंनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. चौथ्यांदा केंगलेही होते. सुट्टीत गावाकडे जाताना ते आता जुन्नरला वाकडी वाट करून भाईंकडे चहा पिऊन जायचे.

पुढेही भाईंनी सर मोकळीच पाठवली. फक्त खोक्यावर लाल शाईने लिहायला लावलं: 'आवाज येणारच. आत घुंगरं आहेत.' तरी खात्री म्हणून वंदनाताई प्रत्येक खोकं कानाशी धरून हलवत आणि मगच पावती फाडत. पहिल्यांदा गंमत म्हणून, नंतर सवयीने. भाई समोर उभे राहून त्यांचा चेहरा बघायचे. वंदनाताईंनी मान डोलावली की भाईंचं काम संपलं.

काही वर्षांनी ते गेले. दुपारच्या नमाजानंतर जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. हातातली शेवटची मागणी ओवून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेली होती. पत्ता माझ्याकडे होता. मी खोकं भरलं, लाल शाईने ओळ लिहिली आणि पोस्टात नेलं.

वंदनाताईंनी ते कानाशी धरलं, हलवलं. पुन्हा हलवलं. मग ते काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलं.

"मास्तर, ह्याच्यात निम्माच आवाज येतोय. भाईंनी असं कधी दिलं नव्हतं."

मी तिथेच बाकावर बसून खोकं उघडलं. एका सरीचं कापड मी सोडवलंच नव्हतं. ते सोडवलं, खोकं परत चिकटवलं आणि काउंटरवर ठेवलं. वंदनाताईंनी हलवलं आणि मान डोलावली. तेवढ्यात त्या दिवसाची टपालाची थैली निघून गेली होती.

पार्सल एक दिवस उशिरा पोचलं. शेरा हिरवा आला.