वीस पोत्यांची दोण

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी बर्वे गुरुजींचे नाव घेतो, आणि आईवडिलांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. गुरुजी गेल्याची बातमी मला मुंबईत कळली, त्याला आता महिना होईल. गावी दिवेआगरला जाऊन आलो. विहिरीवर गुरांना पाणी पाजायची काळ्या दगडाची दोण नेहमीसारखी काठोकाठ भरलेली होती... ती पाहिल्यावर मात्र गुरुजी नाहीत हे खरे वाटेना.

ती दोण आली त्या वर्षी मी मॅट्रिकला गणितात नापास होऊन घरी बसलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. "झालं तेवढं पुरे, आता शेताकडं बघ," हे वडिलांचे म्हणणे मलाही पटू लागले होते. गुरुजींना ते पटले नाही. विहिरीवरची जुनी जांभ्याची दोण गळत होती, म्हणून गावाने मुरूडकडच्या पाथरवटाकडून एका अखंड दगडाची नवी घडवून घेतली होती. ती आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला होडीने आणायची होती. गुरुजी मला बरोबर घेऊन गेले. धक्क्यावर होडीवाल्या हसन तांडेलाने दोणीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "दगड हाय गुरुजी, भात न्हाय. किती पोत्यांचा भार ते सांगा, मग नेतो. तीस पोती नेते माझी होडी. वर एक न्हाय."

"हा सांगेल," म्हणत गुरुजींनी खडू माझ्या हातात दिला.

दोण घडवताना उडालेली एक कपची पाथरवटाने दिली होती. वाण्याच्या तराजूला ती दोऱ्याने टांगली. हवेत चौदा तोळे भरली, बादलीतल्या पाण्यात बुडवून नऊ. पाच तोळ्यांची तूट. म्हणजे दगड पाण्याच्या दोन पूर्णांक आठ दशांश पट जड. एक घनफूट पाणी साडेबासष्ट पौंड, तर एक घनफूट दगड एकशे पंचाहत्तर पौंड. दोण सहा फूट लांब, अडीच रुंद, दोन उंच, तीस घनफूट. मी धक्क्याच्या फरशीवर गुणाकार केला, दोन मणांचे, म्हणजे सुमारे एकशे पासष्ट पौंडांचे, पोते धरले आणि म्हणालो, "बत्तीस पोती."

"मग ऱ्हाऊ दे हितंच!" तांडेल उठलाच.

गुरुजींनी मला विचारले, "गुरं पाणी कुठं पितात रे?"

मी दोणीकडे पाहिले. आतून पाच फूट लांब, दीड रुंद, दीड खोल. तेवढी जागा मी दगडाची धरली होती! ती वजा करून पुन्हा मांडले. चाळीस मण. वीस पोती.

"बत्तीसची वीस झाली?" तांडेल हसला. "पोरगं नापास झालंय म्हणतात ना?"

"नापास गेल्या परीक्षेत झालाय. हे आजचं आहे. मी दोणीशेजारी बसून येतो."

"पोहता येतं?"

"नाही."

तांडेलाने ओंडके आणायला सांगितले. मीही होडीत चढू लागलो तर गुरुजी म्हणाले, "तू इथंच थांब. पाणी कुठवर चढतं ते बघ." ओंडक्यांवरून दोण सरकली, होडी खाली बसत गेली... वीस पोत्यांना पाणी कितव्या फळीवर येते ते तांडेलाला पाठ होते. त्याने वाकून त्या फळीवर तळहात ठेवला. बोटे भिजली, मनगट कोरडे राहिले. "वीसच हाय गो बाय," असे होडीलाच पुटपुटत सांगून त्याने दोर सोडला. होडी दिघीला लागेपर्यंत मी जागचा हललो नाही. त्याच आठवड्यात मी पुन्हा परीक्षेला बसायचे ठरवले.

पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली. तेव्हा गुरुजींना पाठवलेले पत्र मला अजून आठवते:

"ती. गुरुजींस शि. सा. न. वि. वि.

कारखान्यात पहिलेच काम लोखंडाच्या पोकळ खांबाचे वजन काढण्याचे मिळाले. पोकळी आधी वजा केली. साखळी जुनी आहे, तेव्हा वजनाची खात्री काय, असे साहेबांनी विचारले. खांब उचलताना मी शेजारी उभा राहतो, असे म्हणालो. राहिलो.

आपला,
सखाराम"