कै. भि. शिगवण यांचा बुलबुलतरंग

कैलास भिकाजी शिगवण यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं टाइप केली. फोर्टातल्या एका कचेरीत मराठी टंकलेखक, सलग अठ्ठावीस वर्षं. पण स्वतःचं नाव त्यांनी कधी आखडून लिहिलं नाही. त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी फळ्यावर एक यादी लागली. तीत सगळ्यांसारखीच त्यांच्याही नावाची आद्याक्षरं घातलेली होती: कै. भि. शिगवण. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी त्यांच्या खुर्चीला झेंडूची माळ घातली, टेबलावर उदबत्ती खोचली आणि अख्खी कचेरी खो खो हसली. कैलासही हसले. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी हा किस्सा बायकोला सांगितला. गिरिजा हसली नाही. "हात झडले नाहीत मेल्यांचे?" एवढंच म्हणाली. रेशनकार्डापासून विजेच्या बिलापर्यंत तिने नवऱ्याचं नाव सगळीकडे पुरतं लिहून घेतलं.

माणूस साधा. पान नाही, तंबाखू नाही. नाद एकच, बुलबुलतरंगाचा. हातभर लांबीची लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पहिल्या पगारातून घेतलेला. चाळीत त्याला सगळे बेंजो म्हणत. "दिवसभर तिकडे खटखट, संध्याकाळी इकडे टुंगटुंग," म्हणून गिरिजा कुरकुरायची. पण कुणाच्या हळदीला नाहीतर गणपतीच्या आरतीला वाजवायचं बोलावणं आलं, की सदऱ्याला इस्त्री तीच करायची आणि पुढच्या रांगेत जाऊनही तीच बसायची.

वैर होतं ते तिच्या सासऱ्यांचं. भिकाजी शिगवण गोदीत मुकादम होते, आवाज भोंग्यासारखा. "बाप्या माणूस नि तुणतुणी काय वाजवतंय!" असं म्हणून त्यांनी एकदा पायातली चप्पल काढून त्या पेटीवर हाणली. दोन कळा तुटल्या. कचेरीत एक टाइपरायटर भंगारात निघाला होता, त्याच्या दोन कळा त्यांनी मागून आणल्या आणि चार संध्याकाळी खपून त्या तिथे बसवल्या. एकीवर 'ळ' होता, दुसरीवर 'ज्ञ'. म्हातारा मरेपर्यंत त्या वाद्याकडे सरळ नजरेने बघायला तयार नव्हता, हे गिरिजाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

कचेरीत कॉम्प्युटर आले, कैलासना स्वेच्छानिवृत्ती देऊन नारळ दिला, आणि शिगवण कुटुंब मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलं. तोवर कैलासच्या बोटांना कंप सुटला होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बुलबुलतरंग माळ्यावर गेला. आणि २००५ साली मुलाने, परागने, घराचं काम काढलं तेव्हा माळाच तोडायचं ठरलं.

पराग इंग्रजी शाळेत शिकलेला, फोनवर कर्जं विकणाऱ्या कंपनीत टीम लीडर. मुलगा वाईट नव्हता. त्याला वेळ नव्हता, आणि वेळ नसलेली माणसं जे करतात तेच तो करायचा.

"बाबा, घोडबंदर रोडला एका ट्रस्टचं हिस्टरी म्युझियम होतंय," तो एकदा म्हणाला. "जुन्या म्युझिकच्या, टाइमपासच्या वस्तू कलेक्ट करतायत. तुमचा तो बेंजो देऊन टाकूया ना. नाहीतर मग भंगारवाला आहेच."

कैलासनी एकच विचारलं. "नाव लिहितात का?"

"लिहितात ना. काचेवर, मस्त."

त्या संध्याकाळी त्यांनी खोबरेल तेलाने पेटी पुसली. थरथरत्या हातांनी तारा लावायला दोन तास गेले. गिरिजा बघत होती. या माणसाचं नाव आजवर कुठे लागलं नव्हतं, ना कसल्या पाटीवर, ना दारावर; दारावर परागचं होतं, पी. के. शिगवण. आता ते काचेवर लागणार होतं, आणि म्हातारा लग्नाला निघाल्यासारखा खुश होता. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं.

फॉर्म परागने भरला. चौकट होती बोटभर. त्याने झटपट लिहून टाकलं: कै. भि. शिगवण. खाली 'देणाऱ्याचे नाते' या रकान्यात 'मुलगा' लिहिलं आणि सही ठोकली. त्याच्या शाळेत नावाची आद्याक्षरं शिकवली होती. आद्याक्षरं माणसाला मारूही शकतात, हे शिकवलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी नवरा-बायको रिक्षा करून वस्तू बघायला गेले. हॉलभर काचेची कपाटं. चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर, कडा झिजलेला कॅरम, सोंगट्यांचा पट, एका पानाची उणीव असलेला पत्त्यांचा जोड, मागचा भाता उंदरांनी कुरतडलेली बाजाची पेटी. आणि मधोमध बुलबुलतरंग, खाली निळं मखमल. गिरिजाला वाटलं, आपल्या घरात याला असं कधी ठेवलं नाही. मग तिने पाटी वाचली: 'बुलबुलतरंग. कै. भि. शिगवण यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या चिरंजीवांकडून.'

"अहो," ती म्हणाली. तिचा हात आपोआप कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

तिथली व्यवस्था बघणारी सुचेता नावाची तरुण मुलगी धावत आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. "सॉरी काका, खरंच सॉरी. मी बदलते. पण..." ती घुटमळली. "हे अख्खं दालन आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या वडिलांच्या नावाने दिलंय. त्यांची अटच आहे, इथे फक्त गेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवायच्या. तुम्ही हयात आहात असं कळवलं, तर मला ही वस्तू परत द्यावी लागेल."

कैलास काचेतून बघत राहिले. परत म्हणजे कुठे? माळा तुटला होता. भंगारवाल्याचा फोन नंबर परागने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "फक्त पाटीवर नाव पूर्ण करा. कैलास भिकाजी शिगवण. पुढे काय लावायचं ते लावा."

"पुढच्या छपाईत नक्की करते, काका."

रिक्षात गिरिजा रडली आणि भांडलीही. "जित्या माणसाला मयत म्हणायचं आणि वर तुम्ही राहू द्या म्हणायचं? माझं काय? मी कोण आता?"

"मी गेलो तरी चालेल गं," कैलास म्हणाले. "पण तो राहायला पायजे. आणि माझ्या नावाने राहायला पायजे."

उद्घाटनाच्या दिवशी ते दोघं तिसऱ्या रांगेत बसले. पराग वर, स्टेजवर. त्याचा सत्कार होता. त्याने ऑफिसच्या साहेबांनाही बोलावलं होतं. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. सफारी सूट, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर पाटीचाच मजकूर होता आणि त्यांनी तो मोठ्या प्रेमाने फोडून वाचला.

"कैलासवासी भिकाजी शिगवण!" ते म्हणाले. "गोदीत राबणारा कामगार, पण कलेची केवढी ओढ! परागजींनी मला आत्ताच त्यांच्या आजोबांच्या... माफ करा, त्यांच्या वडिलांच्या गोदीतल्या गोष्टी सांगितल्या. या दोन कळा बघा. तुटल्या, तर भिकाजींनी स्वतःच्या हाताने टाइपरायटरच्या कळा बसवल्या!"

टाळ्या पडल्या. गिरिजाने नवऱ्याकडे बघितलं. मेलेला म्हटल्यावर जो माणूस गप्प बसला होता, त्याच्या मानेची शीर आता ताठ झाली होती. ज्याने चप्पल हाणली, त्याच्याच नावावर सगळं जमा झालं होतं: वाद्य, कळा, टाळ्या. कैलासचं नाव 'वासी'च्या पोटात गडप झालं होतं. तिने स्टेजवर परागकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. पण तो बसून राहिला.

"कैलासवासी भिकाजींच्या स्मृतीस आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू," अध्यक्ष म्हणाले.

सगळा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या, माना खाली गेल्या. कैलासही उठले, जन्मभर सभांमध्ये सगळे उठले की उठायचे, तसेच. आणि त्या शांततेत त्यांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"भिकाजी माझा बाप होता. वाजवायचो मी. कैलास. मी कैलास."

"ओ काका, श्श! दोन मिनिटं तरी!" मागून कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून गिरिजाकडे रागाने बघितलं. अध्यक्षांनी परागकडे वाकून काहीतरी विचारलं. पराग हळूच बोलला, पण समोरचा माइक चालू होता.

"लांबचे काका आहेत. थोडं... डोक्याने."

गिरिजाला ते नीट ऐकू आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ना; पण चावल्यावर रक्त तर येतंच. तिला वाटलं स्टेजवर जावं आणि त्याच्या कानाखाली दोन वाजवाव्यात, त्या साहेबांसमोर. पण कैलासनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"वय झालं की होतं असं," अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले. "आपण परत पहिल्यापासून दोन मिनिटं घेऊ."

परत पहिल्यापासून दोन मिनिटं झाली. या खेपेला कैलास शेवटपर्यंत गप्प उभे राहिले.

घरी आल्यावर परागने सत्काराची शाल खुर्चीवर टाकली. "आई, तिथे मी काय सांगणार होतो? सगळा शो खराब झाला असता. साहेब होते समोर."

"जित्या बापाच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस," गिरिजा म्हणाली. "गोड लागलं का?"

"त्याला ओरडू नकोस," कैलास आतून म्हणाले. "शाल ठेव घडी घालून. थंडीत लागेल."

त्यानंतर ते संग्रहालयात कधी गेले नाहीत. पण दर महिन्याला सुचेताला फोन करायचे. "नवीन पाटी आली का हो?" ती बिचारी दरवेळी म्हणायची, पुढच्या छपाईत. दोन वर्षांत छपाई झाली नाही. मग सुचेताची नोकरी बदलली आणि फोनवर कुणीतरी दुसरं येऊ लागलं. ते विचारायचं, "आपण शिगवणांचे कोण?" कैलास फोन ठेवून द्यायचे. टेबलाच्या कडेवर त्यांची डावी बोटं कळा दाबल्यासारखी हलत राहायची, आणि गिरिजा शेजारी बसून न वाजणारी गाणी ओळखायचा प्रयत्न करायची. कधीकधी तिला ओळखताही यायची.

२००८ च्या फेब्रुवारीत ते गेले. साधा ताप आला, चौथ्या दिवशी छातीत गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. उत्तरकार्याची पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा गिरिजाने परागला समोर बसवलं. "एकदा तरी त्यांचं नाव पुरतं घाल. मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही."

"घालतो आई. प्रॉमिस."

पण त्याचा फोन सारखा वाजत होता, आणि भाईंदर स्टेशनजवळच्या छपाईवाल्याला त्याने मजकूर मेसेजने पाठवला, घाईत, थोडक्यात. एवढं मात्र खरं, की 'कै.' म्हणजे काय हे आता त्याला कळत होतं. त्याने ते विसरून चालणार नाही म्हणून आठवणीने पुढे लावलं: कै. कै. भि. शिगवण.

दुसऱ्या दिवशी दुकानातला माणूस स्वतः गठ्ठा घेऊन दारात आला. "भाई, आपके मॅटर में 'कै' गलती से दो बार आ गया था," तो समजूतदारपणे म्हणाला. "मैंने एक निकाल दिया."

गिरिजाने वरची पत्रिका उचलली. काळी चौकट, मधोमध ठळक अक्षरांत: कै. भि. शिगवण. तिने त्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"त्याला विचार," ती परागला म्हणाली, "दोघांतला कुठला काढला?"

पराग चेन लावून बॅग उचलत होता. "आई, दोन्ही सेमच होते ना."