टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

त्या आठवड्यात मी देवीवर रुसलो होतो. खोटं कशाला लिहू. एवढी वर्षं तिला माझ्याच ट्रकातून आणली आणि आता तिनंच माझी गाडी बिघडवली, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. मूळचा कोकणातला, राहतो कांजूरमार्गला. माझी गाडी इतकी चालली आहे की किलोमीटरचे आकडे फिरून पुन्हा शून्यावर आले, तरी इंजिन मूळचंच. नवरात्रात आमच्या मंडळाची मूर्ती गोवंडीच्या कारखान्यातून आणायचा मान तिचा. पण त्या वर्षी जरा चढ लागला की रेस आपोआप वर जायची, धपकन खाली यायची, पुन्हा वर. माझा पाय जागचा हलत नसायचा आणि गाडी गचके खायची. मिस्त्रीकडे उभी केली की मात्र शहाण्यासारखी एका सुरात चालायची. त्यानं फिल्टर बदलला, पाइप बघितले, पंप काढून तपासून आणला. फरक काही नाही. डिझेल भरलं की तेवढी थोडा वेळ बरी असायची. मी म्हणायचो, पोट भरलं की खूश, माझ्यासारखीच आहे.

मंडळाचा सेक्रेटरी घरी आला. लहानपणी ह्याच ट्रकात मागे उभा राहून गुलाल उधळायचा. चहा संपवून हळूच म्हणाला, "काका, राग मानू नका. पुलाच्या चढावर असा गचका बसला तर आईचा हात तुटेल. शनिवारपर्यंत गाडी नीट झाली तर झकास. नाहीतर मी दुसरा टेम्पो सांगतो." मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली, "म्हातारपणात तरी कोणाचा ऐका." मी तिचंही ऐकलं नाही. गाडीतलं मला शिकवणारा अजून जन्मायचाय, असंच मी समजत होतो.

गुरुवारी सकाळी एकटाच गाडी घेऊन पवईच्या चढावर गेलो. अर्ध्यातच तिनं तोच खेळ मांडला आणि शेवटी बंदच पडली. उतरून रस्त्याकडेला बसलो. हात जोडावेसे वाटले नाहीत. मनात एवढंच म्हणालो, आई, माझा ट्रक नको झाला असेल तर सरळ सांग.

समोर बुद्धविहार होता. वर्षावासाचा कार्यक्रम, भोजनदानाचा स्वयंपाक चाललेला. पांढऱ्या साडीतल्या एक बाई तेलाचा पत्र्याचा डबा कढईत ओतत होत्या. डब्याच्या कोपऱ्यात खिळ्यानं एकच भोक पाडलेलं. तेल भळकन यायचं, थांबायचं, डबा आतून गुडगुडायचा, पुन्हा भळकन. बाई स्वतःशीच हसल्या. "एका भोकानं कसं येईल? हवा आत जायला नको?" त्यांनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक ठोकलं आणि तेलाची धार अशी सरळ लागली की जणू दोरा सोडलाय.

मी बघतच राहिलो. भळकन येणं, थांबणं, पुन्हा भळकन. हे तर माझ्याच गाडीचं दुखणं.

डिझेल टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक भोक असतं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण दर खंडेनवमीला मी गाडीला तेलातला शेंदूर लावतो. बॉनेटला, चाकांना, आणि टाकीच्या झाकणाला तर बोटानं दाबून, कारण तिथून ती जेवते. वर कुणाला पुसू देत नाही. मिस्त्रीलाही बजावलं होतं, झाकणाला हात लावायचा नाही, ते देवाचं आहे. डिझेल भरतानाही झाकण मीच उघडायचो, मीच लावायचो. वर्षानुवर्षं थरावर थर बसले. भोक कुठं होतं तेसुद्धा दिसेना.

झाकण फिरवलं. स्स्स करून हवा आत गेली, किती वेळ जातच होती. पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो तसा श्वास.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काय झालं विचारलं. मी झाकण दाखवलं, म्हणालो, "ताई, देवीचा शेंदूर आहे. मी पुसू कसा?"

त्या म्हणाल्या, "बाबा, मला देवीचं काही कळत नाही. पण कोंडलेला श्वास तुमच्या आईला तरी आवडेल का?" आणि पदराची पिन काढून माझ्या हातात दिली.

मी शेंदूर खरवडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आतून हसूही येत होतं. पिनेनं भोक मोकळं केलं, हातपंप मारून पाइपातली हवा काढली, स्टार्टर दिला. गाडी चढ चढून गेली, एका सुरात. खात्री होईना म्हणून खाली येऊन पुन्हा चढवली, आणि पुन्हा. मग विहारात जाऊन पंगतीला बसलो. पिन परत देऊ लागलो तर बाई म्हणाल्या, राहू द्या. असं जेवण बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

शनिवारी आई माझ्याच ट्रकातून आली. सेक्रेटरी मागे मूर्तीला धरून उभा होता. पुलाच्या चढावर त्यानं केबिनच्या टपावर थाप मारली. "काका, गाडी चालू आहे ना? कळतच नाही." घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमी ऐकलात कोणाचा तरी. देवी पावली." आणि इतकी हसली की मीही हसलो.

मी आईला सरळ सांग म्हणालो होतो. तिनं सांगितलं, तेही देवी न मानणाऱ्या बाईच्या तोंडून, माझी घमेंड बरोबर ओळखून. त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. पिन मात्र केबिनमध्ये आईच्या फोटोखाली खोचून ठेवली आहे. आता खंडेनवमीला आधी त्याच पिनेनं झाकणाचं भोक मोकळं करतो, मग बाजूला शेंदराचं बोट टेकवतो. दाबत नाही.