मी त्या सकाळी ब्रेड खाल्ला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर नाही. समोर माणूस असला की माझा आवाज बसतो — आमच्या घरात याला ‘लाजाळू’ म्हणतात. हा शब्द माझ्या किती उपयोगी पडलाय, ते कळेलच.

गोष्ट भाताची आहे. हसा हवं तर.

आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो — आई, बाबा, दादा, मी, आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली वहिनी. वहिनी धायरी गावची. बोलता बोलता ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हणून जायची आणि मग आईकडे बघून जीभ चावायची. मी वीस वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकलेली, तिच्याहून लहान. तरी मला ‘अहो ताई’ म्हणायची.

मे महिना होता. घरी पूजा झाली, पंधरा माणसं जेवून गेली आणि मोठं पातेलंभर भात उरला. वहिनी तिच्या आईवडिलांबरोबर एक दिवस माहेरी निघाली होती. दारात चपला घालता घालता मला म्हणाली, “ताई, तेवढा भात परातीत पसरा. लई गरम हाय. वाफ गेली की लगेच डब्यात भरून फ्रिजात ठेवा. पातेल्यात राहिला तर बिघडंल.”

मी मान हलवली. आणि खोलीत जाऊन पडले.

का? — कंटाळा आला. याहून मोठं कारण मी बरंच शोधलं. नाहीये. पातेल्यावर झाकण टाकलं आणि दुपार गेली, संध्याकाळ गेली. दिवेलागणीला आईची चाहूल लागली, तेव्हा पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं. बुडाला हात लागला. कोमट होतं.

सकाळी वहिनी परत आली आणि आल्या आल्या फोडणीच्या तयारीला लागली. “काल लगेच ठेवला होता ना, ताई?”

मी म्हणाले, “हो.”

बाबांनी फोडणीचा भात दोनदा घेतला, मागून वहिनीने खाल्ला; आईचा उपास होता, दादा लवकर कामावर गेला होता. अकराच्या सुमाराला त्यांच्या कारखान्यातून फोन आला — उलट्या थांबत नाहीत, दवाखान्यात नेतोय. इकडे वहिनीही मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि बाबांसाठी पेज करायला उभी राहिली. तिला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “भात शिजल्यावर बाहेर किती वेळ होता? तसाच राहिला की त्यात विष तयार होतं. मग कितीही गरम करा, ते जात नाही.” सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. आणि वहिनी काय म्हणाली, माहीत आहे?

“ताईंनी लगेच फ्रिजात ठेवला होता.”

माझी बाजू घेतली तिने! मी खाली फरशीकडे बघत होते. लाजाळू ना मी.

“मग सकाळी तूच काहीतरी केलं असशील,” आई म्हणाली. “तुमच्याकडे चालत असेल शिळंपाकं, पचतही असेल. आम्हाला नाही हो सवय.”

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. तेव्हापासून आमच्याकडे भात आईच लावते. वहिनी पोळ्या करते, भाज्या करते, पुरणपोळ्या तर आईहून चांगल्या करते — पण तांदळाच्या डब्याला हात लावत नाही. सहा वर्षं झाली.

आता तुम्ही म्हणाल, वीस वर्षांची पोर, घाबरली असेल. नका म्हणू. मला ती सवलत नको. मला काही कल्पनाच नव्हती, असं वाटतंय तुम्हाला? त्या सकाळी वहिनीने माझीही बशी भरली होती. भाताला वास नव्हता, जरासा चिकट दिसत होता — आणि मला ते कोमट बूड आठवलं. मी बशी मागे सारली. म्हणाले, मला आज ब्रेड हवाय. बाबा दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून ब्रेडला लोणी लावत होते.

कुणाला न सांगितलेलं आहे ते हे. ‘हो’ म्हटलं ते नंतर.

नाही — आधीच म्हटलं होतं. तेही केलं आणि हेही.

हल्ली मी खराडीत नोकरी करते, एकटी राहते. भात उरला की ताटात पसरते, तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी संपवते, नाहीतर टाकते. फार चोख. त्याने वहिनीचं काय भलं होतं? काही नाही.

गेल्या रविवारी घरी गेले होते. जेवताना वहिनीच्या मुलीने विचारलं, “आजी, भात रोज तूच का करतेस गं?”

“विचार की तुझ्या आईलाच,” आई म्हणाली.

वहिनी हसली. “मला नाही गं जमत.”

मी समोरच बसले होते. आमटी मागितली आणि भात कालवला.

मी हे ज्या मासिकाला पाठवतेय, ते आई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हेही वाचेल. वाचू दे. भात वहिनीने बिघडवला नव्हता. मी बिघडवला. आणि मी तो खाल्ला नाही.