हौसाबाईंची शेळी आणि साहेबांची कोंबडी

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, सगळ्यांना एकच ई-मेल करतेय, कारण आज भर सभेत भांडले आणि जिंकले!

राहुरीजवळच्या गावात मी महिला मंडळासोबत चालवते ती शेळ्यांची योजना बंद करायला शहरातले साहेब आले होते. म्हणाले, "जगाची लोकसंख्या वाढतेय. धान्य जनावरांना घातलं, तर माणसं काय खातील?"

शेळीसाठी वर्षभर थांबलेल्या हौसाबाई उठल्या. "सायेब, आमच्याकडं शेळी बाभळीच्या शेंगा खाती. तुमी खाता का?"

शेजारी साहेबांसाठी रस्सा शिजत होता. मी विचारलं, "आणि तुमची ही ब्रॉयलर कोंबडी? मका खाऊनच वाढली ना?"

सभा खदखदून हसली. साहेबांनी योजना चालू ठेवायच्या मंजुरीवर सही केली.

जेवताना मी कोंबडी नाकारून पिठलं-भाकरी घेतली. मांस जगाला पुरायचं, तर आधी हात कुणी आखडायचा? हौसाबाईंनी, की आपण?